दोघांत स्वस्त पडतं

दर रविवारी संध्याकाळी सबनीस आपल्या घराचा मेन स्विच बंद करून अंधारात बसायचे. बिल थकलं होतं म्हणून नव्हे, आणि कुठलं व्रतही नव्हतं. हवानात वीज जाते, म्हणून. तिथं गेल्यावर आयत्या वेळी गडबड नको, यासाठी ही टोकियोच्या एदोगावा भागातली तालीम.

हवाना म्हणजे क्यूबा बेटावरचं, कॅरिबियनमधलं जुनं शहर. सबनीस तिथं कधीच गेलेले नव्हते. पण तिथल्या जुन्या भागातले चौक, त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या, कुठल्या गल्लीत खोली स्वस्त आणि कुठल्या खोलीला समुद्राचा वारा, हे सगळं त्यांना पाठ होतं. मला ते का माहीत? कारण ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि माझ्याच ऑफिसात समोरच्या टेबलावर बसतात. सकाळच्या गच्च गाडीत सबनीस, दिवसभर समोर सबनीस, आणि परतताना मी दांडीला लटकून डोळे मिटले की कानाशी हवाना. टोकियोत नोकरी करणारा माणूस संध्याकाळी फक्त घरी पोचायचं बघत असतो. सबनीसांना मात्र तेव्हाच कंठ फुटतो.

"देशमुख-सान, हॉटेलात उतरायचंच नाही," ते सांगत. "तिथं लोक आपल्या घरातली खोली देतात. सकाळचा नाश्ता घरचा. आणि दोघांत स्वस्त पडतं."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या प्रत्येक बोलण्याला चिकटलेलं असे. खोली दोघांत स्वस्त, टॅक्सी दोघांत स्वस्त, जेवणाची ताटंसुद्धा म्हणे एवढी मोठी की दोघांत एक पुरतं. मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, पण दुसरं कोण?" त्यावर ते पुढच्या स्टेशनचं नाव वाचत राहिले.

तालमी अनेक होत्या. विमानात एकच लहान बॅग न्यायची, कारण मोठीचे पैसे पडतात. म्हणून ती बॅग पाठीला लावून ते महिनोन्महिने ऑफिसला यायचे. तिचं वजन करायला कोपऱ्यावरच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचे. तिथल्या काट्यावर एकदा बॅगेसकट उभे राहायचे, एकदा बॅगेशिवाय, आणि अंघोळ न करताच निघायचे. गल्ल्यावरच्या आजी सुरुवातीला बावचळल्या, मग काटा पुसून ठेवायला लागल्या. स्टेशनवरच्या गणवेशातल्या माणसाला ते रोज स्पॅनिशमध्ये 'सुप्रभात' म्हणत. तो बिचारा रोज वाकून नमस्कार करी.

एकदा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मी, माझी बायको मेधा आणि आमची इरा. मेन स्विच बंदच होता. मेणबत्तीच्या उजेडात काळा घेवडा आणि भात वाढला गेला. इरा इथंच वाढलेली, तिला कंटाळा आला की जपानीच सुचतं. तिनं जपानीत विचारलं, "यांच्याकडे दिवे नाहीत का?" सबनीस खूश झाले. "बघा, अगदी असंच वाटतं तिथं," म्हणाले. मेधा घरी येऊन म्हणाली, "चव चांगली होती रे. पण चार माणसांत पाच ताटं का मांडली होती?" मला झोप आली होती. मी म्हटलं, अंधारात चुकले असतील.

त्यांची बायको पुण्यात असते, एवढं आम्हाला माहीत होतं. वृंदावहिनी मुलाच्या दहावीसाठी परत गेल्या. मग बारावी आली, मग इंजिनिअरिंग, मग मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला, आणि वहिनींच्या आई त्यांच्याकडे राहायला आल्या. भांडण झालं नाही, काडीमोड झाला नाही. परत यायचं तेवढं राहून गेलं. आमच्यासारख्या परदेशी पोस्टिंगवाल्यांत अशी घरं बरीच आहेत, त्याबद्दल कोणी फार बोलत नाही.

या वर्षी मात्र नवल घडलं. एप्रिलमध्ये सबनीस माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "वृंदा हो म्हणाली." मेच्या सुट्ट्यांना जोडून त्यांनी लांब रजा मागितली. एवढ्या वर्षांत या माणसानं पुण्याच्या फेऱ्या सोडल्या तर रजा अशी घेतलीच नव्हती. आमच्या विभागाचे प्रमुख मोरी-सान इतके हेलावले की त्यांनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. "नीट जाऊन या," असं सगळं ऑफिस एकसुरात म्हणालं. तिकिटं सगळ्यात स्वस्तातली काढली होती, म्हणजे न बदलता येणारी. निघायच्या दिवशी ते बॅग पाठीला लावून खाली आले, इराला टाटा केला आणि स्टेशनकडे गेले. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. दोन आठवडे गाडीत डोळे मिटता येणार होते.

चारेक दिवसांनी जेवताना इरा वर बघत म्हणाली, "सबनीसकाकांच्या घरी कोणीतरी चालतंय." मी बाहेर जाऊन पाहिलं. वर अंधार होता. मी तिला पाणी पिऊन झोप म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सायकल घेऊन आराकावा नदीच्या बांधावर गेलो, तर पुढ्यात बॅग ठेवून सबनीस बसलेले. हवानात समुद्राकाठी लांबच लांब भिंत आहे, संध्याकाळी सगळं गाव तिच्यावर येऊन बसतं. तिची तालीम म्हणून ते याच बांधावर यायचे, त्यामुळे जागा ओळखीची होती. माणूस मात्र तिथं असायला नको होता.

मी सायकल आडवी टाकली आणि शेजारी बसलो.

"वृंदाचा फोन विमानतळावर आला," ते म्हणाले. "आईला सोडून एवढ्या लांब धीर होत नाही म्हणाली. तिचंही बरोबर आहे."

"मग तुम्ही जायचं ना. सगळी तयारी होती."

"एकट्याला महाग पडतं."

हे ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. मी विचारलं, निदान पुण्याला तरी का नाही गेलात.

"पुण्यात मी पाहुणा, देशमुख-सान. ते तिच्या आईचं घर झालंय. आणि ती इथं आली की ती पाहुणी, मी दिवसभर ऑफिसात. म्हणून म्हटलं, जिथं दोघंही पाहुणे असू असं एखादं गाव बघू. ना तिची आई, ना माझं ऑफिस. हवाना परवडण्यासारखं निघालं, बाकी काही नाही."

इतकी वर्षं मी या माणसाला चिकट समजत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि तेवढ्यात ते खरोखर घाबरून म्हणाले, "पण ओमियागेचं काय करू?"

इथली रीत अशी की रजेवरून परतणाऱ्यानं त्या गावची मिठाई आणायची आणि ऑफिसात एकूण एक टेबलावर ठेवायची. त्याला ओमियागे म्हणतात. ती न आणता कामावर येणं म्हणजे अंगात सदरा न घालता येण्यासारखं आहे. टाळ्या वाजवून पाठवलेल्या माणसानं तर सांगायचीच सोय नव्हती की मी गेलोच नाही. त्यासाठीच ते दिवे न लावता घरात राहत होते.

मी म्हटलं, सरळ खरं सांगून टाका. घरी आल्यावर मेधा म्हणाली, "मोरी-सानना काय सांगणार, बायको आली नाही म्हणून? काही सांगायचं नाही. क्यूबात नारळ असतो ना?" आणि रजेच्या शेवटच्या रविवारी तिनं खोबऱ्याच्या वड्या करायला घेतल्या. ओमियागे सुटी चालत नाही, प्रत्येक वडी वेगळ्या कागदात हवी. आम्ही चौघं टेबलाभोवती बसून कागद गुंडाळत होतो. माझा या लबाडीला विरोध होता आणि मी तो गुंडाळता गुंडाळता नोंदवत होतो. सबनीस प्रत्येक वडीची कड बोटानं नीट करत होते.

सोमवारी ऑफिसात वड्या फिरल्या. मोरी-साननी डोळे मिटून खाल्ली आणि विचारलं, "समुद्र कसा होता?"

"वारा खूप होता," सबनीस म्हणाले. "संध्याकाळी माणसं भिंतीवर येऊन नुसती बसतात. कोणाला घाई नसते."

"एकटेच होतात?"

सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं. "दोघं होतो," ते म्हणाले.

मी संगणकाच्या पडद्यात डोकं घातलं.

त्या दिवशी त्यांनी डब्यातल्या दोन वड्या कागदातून काढून त्यांचा फोटो वृंदावहिनींना पाठवला. परतीच्या गाडीत उत्तर आलं, ते त्यांनी मला दाखवलं: "या कोणी केल्या? पाक कच्चा राहिलाय." स्टेशनबाहेर पडल्यावर त्यांनी फोन लावला. स्टेशनपाशी ठेवलेली आपली सायकल एका हातानं ढकलत ते माझ्यामागून येत होते आणि सगळं सांगत होते. विमानतळ, बंद दिवे, बांध, टाळ्या, ओमियागे. मग मागे सायकलचं चाक थांबलं, म्हणून मी वळून पाहिलं. फोनमधून वहिनींच्या हसण्याचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. सबनीस सायकल धरून तसेच उभे होते. तो आवाज त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नसावा.

पुढच्या रविवारी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. बाहेर सबनीस. त्यांच्या घरातल्या दिव्याचा उजेड जिन्यात पडला होता.

"मेधाताई, एक जास्तीची गादी आहे का?" ते म्हणाले. "वृंदा येतेय. आईला बहिणीकडे ठेवून आठवडाभर. पाक कसा करतात ते दाखवते म्हणाली. मी रजा टाकली आहे."

मेधा गादी काढायला आत गेली. सबनीस दारातच घुटमळले. हवानातली प्रत्येक गल्ली पाठ असलेला तो माणूस माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखा हसला.

"देशमुख-सान," त्यांनी विचारलं, "आपल्या या एदोगावात बघण्यासारखं काय आहे हो? एवढी वर्षं राहिलो, पण मी कधी बघितलंच नाही."