वर्ग ‘अ’मधल्या मैनाबाई

नगरपरिषदेचा सुगत टॅब घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मैनाबाई ओसरीत अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. सुगत लिपिक होता. जन्म-मृत्यूच्या नोंदी हे त्याचं रोजचं काम, पण त्या महिन्यात त्याच्या अंगावर ‘ज्येष्ठ नागरिक सेवा आराखडा’ येऊन पडला होता. गावातल्या साठीपुढच्या माणसांना कोणत्या सेवा हव्यात हे घरोघर विचारायचं, टॅबमध्ये भरायचं आणि महिनाअखेरीस अमरावतीला पाठवायचं. टॅबची एक अडचण होती. उत्तर दिल्याशिवाय तो पुढच्या प्रश्नावर जात नसे, आणि उत्तरं त्याच्या पोटात आधीच ठरलेली होती.

“आजी, घरात तुमच्याशिवाय कोण हाये?” सुगतने विचारलं.

मैनाबाईंनी मागे वळून घरात पाहिलं. “आता तं कोणी नाई.”

“म्हणजे एकट्याच?”

“दहा वाजल्यापासून एकटीच.”

टॅबमध्ये ‘दहा वाजल्यापासून’ला जागा नव्हती. सुगतने ‘एकटे’वर बोट ठेवलं. “पोरगा कुठी असते?”

“नांदगाव पेठेले. कापडाच्या कारखान्यात.”

‘मुलगा परगावी.’ पुढचा प्रश्न आला. “त्याच्याशी शेवटचं बोलणं कवा झालं?”

“बोलणं म्हणजे कसं?”

हा प्रश्न सुगतला आजवर कोणी विचारला नव्हता. त्याने जरा विचार केला. “बोलणं म्हणजे… बसून. दोन सुखदुःखाच्या गोष्टी.”

मैनाबाईंचे हात भाजीत थांबले. मुलगा गोपाल रोज कंपनीच्या बसने जायचा, संध्याकाळी यायचा, जेवायचा आणि मोबाइल पाहत झोपायचा. सून चंदा शिलाईच्या दुकानातून दमून यायची. नात आकांक्षा कॉलेजातून आली की कानात इअरफोनची बोंडं घालून बसायची. पोरं चांगली होती, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण माणसाने विचारलं आहे तर खरं सांगावं, म्हणून त्यांनी बरंच मागे जाऊन पाहिलं.

“दिवाळीले झालं असन,” त्या म्हणाल्या.

तेव्हा मार्च चालू होता. सुगतने मान हलवली, आजींचा फोटो काढला आणि अंबाडीची एक जुडी भेट म्हणून घेऊन तो पुढच्या घरी गेला.

दहा दिवसांनी नगरपरिषदेच्या फलकावर यादी लागली आणि तासाभरात तिचा फोटो प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. गोपाल तेव्हा कंपनीच्या बसमध्ये होता. शेजारच्या माणसाने मोबाइल त्याच्यापुढे धरला. “गोपालभाऊ, ह्या तुमच्याच मातोश्री ना?”

‘वर्ग अ : एकाकी व दुर्लक्षित ज्येष्ठ. क्रमांक १ : मैनाबाई रामराव भुयार.’ खाली फोटो. भाजीच्या ढिगामागे बसलेल्या मैनाबाई त्यात खरोखर फार दुर्लक्षित दिसत होत्या. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. बडनेऱ्यापर्यंत बसमध्ये कोणी गोपालशी बोललं नाही.

घरी आल्या आल्या त्याने आईला गाठलं. “माय, तू काय सांगितलं त्याले?”

“त्यानं जे विचारलं ते.”

“मी तुले टाकलं असं सांगितलं?”

“कायले सांगीन? तू तं इथंच राहते.”

चंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. “आई, सकाळी तुमाले गरम भाकर लागते म्हणून मी साडेपाचले उठतो. आन कागदावर मी दुर्लक्ष करून राहिली?”

“चंदे, तुहं नाव मी घेतलंच नाई,” मैनाबाई म्हणाल्या. त्यांनाही कळेना की आपण नेमकं काय केलं. बरं, खोटं एकही वाक्य बोललेलं आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाईंचे धाकटे भाऊ डोमाजी यादीचा फोटो पाहून वरूडहून पहिल्या बसने आले. त्यांचा संत्र्याचा बगीचा होता आणि तोड चालू होती, तरी ते आले. हातात रिकामी बॅग होती.

“चाल,” ते दारातूनच म्हणाले.

“कुठी?” मैनाबाईंनी विचारलं.

“वरूडले. तुहे कपडे भर यात.”

“काहून?”

“तुले टाकलं ना यायनं.”

चंदाने त्यांच्यापुढे चहा ठेवला. डोमाजींनी तो भिंतीकडे तोंड करून प्यायला. मग चंदाने पोहे दिले, तेही त्यांनी भिंतीकडे पाहतच संपवले. पोह्यांत हिरवागार चिरलेला सांभार भरपूर होता. दुसऱ्यांदा घेताना त्यांचं तोंड अर्धवट वळलं. घर नीटनेटकं होतं, बहिणीच्या अंगावर नवं लुगडं होतं, औषधाच्या गोळ्या डबीत वारानुसार लावलेल्या होत्या. टाकलेलं माणूस असं असतं का, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी मुक्काम करायचं ठरवलं.

दुपारी बारा वाजता आणखी एक गृहस्थ आले. खांद्याला निळी पिशवी, गळ्यात ओळखपत्र. “मी खुशालराव. नगरपरिषदेचा ज्येष्ठ मित्र. वर्ग ‘अ’च्या लाभार्थ्याशी रोज पाऊण तास बोलायचं, असा आदेश हाये.”

खुशालराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी दाराशी चपला मोजल्या. पाच जोड होते. त्यांनी आदेश पुन्हा वाचला. नाव, पत्ता, फोटो सगळं जुळत होतं.

“बाई, तुमी एकट्याच ना?”

“हो,” मैनाबाई म्हणाल्या. “हा माहा भाऊ हाये. आन थो बाहीर गाडी पुसून राहिला, थो शेजारचा पोरगा.”

खुशालराव खुर्चीवर बसले. पाऊण तास काय बोलायचं हे आदेशात नव्हतं. त्यांनी पाण्याचं विचारलं, झोपेचं विचारलं. चार मिनिटं झाली. मग मैनाबाईंनी सहज विचारलं, “भाऊ, पाय आखडून बसता. गुडघा दुखते का?”

तिथून जे सुरू झालं ते अडीच वाजेपर्यंत चाललं. गुडघा कसा अकोला-शेगाव गाडीच्या पायरीवर गेला, बायको कशी तीन वर्षांमागे गेली, मुलगा हैदराबादेत, रविवारी व्हिडिओ कॉल करतो पण चेहरा नेहमी अडकतो, आणि डाळीला फोडणी दिली की ती दरवेळी जळते. मैनाबाईंनी ऐकलं. मधे त्यांना जेवायला वाढलं, फोडणीचं सांगितलं आणि “जेवणानंतरची गोळी घेतली का?” म्हणून विचारलं. खुशालरावांनी खिशातून गोळी काढून घेतली. जाताना त्यांनी फॉर्म भरला. ते दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले, आणि चौथ्या दिवशी साडेअकरालाच आले.

इकडे गोपालने रजा टाकली आणि नगरपरिषद गाठली. “माह्या मायचं नाव काढून टाका,” त्याने सुगतला सांगितलं.

सुगतने टॅब उघडला. “नाव काढाले दोनच कारणं चालतात. मयत, नाईतं स्थलांतर. कोणतं टाकू?”

“दोन्ही नाई. ती घरी बसली हाये.”

“मंग निघत नाई. स्थलांतर टाकलं तं राशन कार्डातूनही उडन. मयत टाकलं तं…” सुगत थांबला. मृत्यूच्या नोंदीही त्याच्याचकडे होत्या. “ते परत जिवंत कराले लय वेळ लागते, भाऊ.”

गोपाल खुर्चीवर बसला. “पण हे खोटं हाये. मी परगावी नाई, मी रोज घरी येतो.”

“हे पाहा,” सुगतने टॅब त्याच्याकडे फिरवला. “शेवटचा संवाद, दिवाळी. हे आजीनं स्वतः सांगितलं.”

“रोज बोलतो मी तिच्याशी.”

“काय बोलले? कालचं सांगा.”

गोपाल आठवू लागला. काल तो ‘गाडीची चाबी कुठी हाये’ असं म्हणाला होता. परवा ‘भाजीत मीठ कमी हाये’. त्याच्या आदल्या दिवशी बहुतेक ‘हूं’. त्याने हे प्रामाणिकपणे सांगितलं. सुगत वाईट माणूस नव्हता. त्याने ते कागदावर टिपून घेतलं.

“चाबीले संवादात धरायचं का,” तो म्हणाला, “हे वर विचारावं लागन.”

सहाव्या दिवशी आराखड्याची बैठक होती. वर्ग ‘अ’च्या पहिल्या लाभार्थी म्हणून मैनाबाईंना बोलावणं आलं. गोपालने त्यांना गाडीवर बसवून नेलं, डोमाजी रिकामी बॅग घेऊन मागून ऑटोने आले, आणि खुशालराव आधीच सभागृहात येऊन बसले होते. मुख्याधिकारी मॅडमपुढे आराखडा पडला होता. संध्याकाळपर्यंत तो अमरावतीला जायचा होता.

“आजी, घाबरू नका,” मॅडम म्हणाल्या. “मुलाने तुम्हाला सोडलं का?”

“हो.”

गोपालने मान खाली घातली.

“आता गेटपाशी सोडलं,” मैनाबाई म्हणाल्या. “मंग गाडी लावून तोही आला. हा काय, बसला हाये.”

मॅडमनी गोपालकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं. “मग तुम्ही एकट्या नाही?”

“हावो ना. दिवसा एकटीच.”

“आणि हे कोण?”

“हा माहा भाऊ. मले न्याले आला.”

“न्या मग.”

“ती येऊन नाई राहिली,” डोमाजी म्हणाले. “मॅडम, मी पाच दिवस झाले बगीचा सोडून इथं बसलो. इले टाकलं का नाई टाकलं, तेवढं एकदा लिहून द्या. म्हणजे मी काय करायचं ते करतो.”

“सध्या तसं काही निश्चित सांगता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या आणि सुटकेसाठी त्यांनी खुशालरावांचे फॉर्म पुढे ओढले. “हे बघा, सेवा तर उत्तम झालेली दिसते. चहा-नाश्ता, होय. औषध वेळेवर घेतले, होय. जेवण पोटभर, होय. मन मोकळे झाले, होय. पाचही दिवस. खुशालराव, चहा तुम्ही करून देत होता?”

“नाई. बाई देत होत्या.”

“मग औषध?”

“माहं. यायनं आठवण देली.”

मॅडमनी चष्मा काढला. “जेवण पोटभर कोण जेवलं?”

“मीच.”

“आणि मन?”

खुशालरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “तेही माहंच झालं, मॅडम. फॉर्मात कोणाचं ते इचारलं नवतं.”

आराखड्यातला हा एकमेव फॉर्म होता ज्यात सगळे रकाने भरलेले होते, आणि तो उलटा होता. तो काढला तर सेवेचा पुरावाच उरत नव्हता. ठेवला तर लाभार्थी कोण हे कळत नव्हतं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजले होते.

सुगतने टॅबवर बरीच बोटं फिरवली आणि हळूच हात वर केला. “मॅडम, एक रस्ता हाये. नियम बारा. ज्येष्ठ मित्र हा लाभार्थी नसावा. आजीले ज्येष्ठ मित्र केलं तं त्यायचं नाव वर्ग ‘अ’मधून आपोआप निघते. मयत नाई, स्थलांतर नाई.”

“आणि त्यांचा लाभार्थी?”

सगळ्यांनी खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव उभे राहिले, गळ्यातलं ओळखपत्र काढलं, पिशवी मैनाबाईंपुढे ठेवली आणि कोणी न सांगता लाभार्थ्यांच्या रांगेत जाऊन बसले.

“आजी, जमेल का तुम्हाला?” मॅडमनी विचारलं. “रोज घरी जाऊन पाऊण तास बोलायचं.”

“पाऊण तासात काय होते,” मैनाबाई म्हणाल्या. “आन एकाच माणसाले कायले? यायच्या गल्लीत पार्बताबाई हाये, तिले डोळ्यानं दिसत नाई. शेषरावायले ऐकू येत नाई. दोघायलेही करून घेतो.”

आराखडा वेळेत गेला. डोमाजींना काय झालं ते शेवटपर्यंत नीट समजलं नाही, पण बहिणीने “मले आता सुट्टी भेटत नाई” असं सांगितल्यावर ते बॅगेत चंदाने दिलेल्या ज्वारीच्या पापड्या भरून वरूडला गेले. चंदाने शिलाईच्या दुकानात सगळ्यांना सांगितलं की आमच्या आई नगरपरिषदेत लागल्या.

सगळ्यात जास्त गोंधळ गोपालच्या मनात होता. नाव यादीतून निघालं होतं, लोक पुन्हा बोलू लागले होते, पण सुगतने टिपून घेतलेला तो कागद त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आठ दिवस त्याने विचार केला. पुढच्या रविवारी सकाळी त्याने मोबाइल बंद करून फ्रिजवर ठेवला, बाहेर आला आणि ओसरीत आईजवळ बसला. कुठून सुरुवात करावी हे त्याला सुचेना. त्याने घसा साफ केला.

“माय, बोल ना काई.”

मैनाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. आठवडाभरात त्या तीन घरी मिळून कितीतरी तास बोलल्या होत्या आणि त्यांचा घसा बसला होता. त्यांनी एक डोळा उघडून लेकाकडे पाहिलं.

“आज नाई, बाप्पा,” त्या म्हणाल्या. “रविवारी माही सुट्टी असते.”

गोपाल उठला. त्याने तांब्यात कोमट पाणी आणलं, त्यात मीठ टाकलं आणि आईच्या हातात दिलं.