त्रेचाळीस नावं आणि एक सॅक्सोफोन

ज्या गावात नावं नीट वाचली जातात, त्या गावाचं कधी वाईट होत नाही. आमच्या गावाचं आजवर झालेलं नाही. पेडण्याहून भाड्याच्या मोटारसायकल पायलटच्या मागे बसून वीस मिनिटांत यावं आणि कुणालाही विचारावं.

गोवा केंद्रशासित होता तोवर गावात एकच समिती होती, ती भजनाची. मग राज्य मिळालं आणि वर्षभरात समित्या अकरा झाल्या. त्यांतली सर्वांत मोठी आमची राज्यदिन आनंद समिती. अध्यक्ष गोकुळदासबाब, उपाध्यक्ष पाच, सदस्य छत्तीस, आणि गावकरी उरले असतील तेवढे. मी चिटणीस. तीस मे अठ्ठ्याऐंशीला राज्याचा पहिला वाढदिवस देवळासमोरच्या मांडावर, म्हणजे मोकळ्या पटांगणात, साजरा करायचं ठरलं. दशावतार दर वर्षी होतो, राज्य दर वर्षी मिळत नाही, तेव्हा यंदा काहीतरी नवं हवं असं गोकुळदासबाबांचं मत पडलं. मग सर्वांचंच पडलं.

सत्यवतीचा मुलगा मुंबईत काहीतरी फुंकतो, हे तेव्हा कुणाला तरी आठवलं. सदाशिव वारखंडकर. त्याचा आजा आमच्या देवळात सनई वाजवायचा. हा बावीस वर्षं सिनेमाच्या गाण्यांत सॅक्सोफोन वाजवतो. नायिका जिन्यावर वळून पाहते तेव्हा मागून जो आवाज येतो, तो याचा. रेकॉर्डच्या वेष्टनावर गायकाचं नाव असतं, कवीचं असतं, छापखान्याचंही असतं. याचं नसतं.

सत्यवती मात्र रेडिओवर गाणं लागलं की शेजारणीला दारात बोलवायची. ‘‘आयक गो, ह्यो माजो झील वाजयता!’’ शेजारीण म्हणायची, ‘‘मगे रेडियोवालो तेचा नाव कित्याक घेयना?’’ या प्रश्नाला बावीस वर्षांत उत्तर मिळालं नाही, त्यामुळे तो वाजवत नसावा असं गाव धरून चाललं होतं. (आम्ही पुराव्याशिवाय काही मानत नाही. देव सोडून.)

निरोप पोचताच तो आपल्या सात जणांच्या बँडची तारीख नक्की करून बैठकीला हजर झाला. हा बँड फंक आणि सोल वाजवतो. दोन्हींची माहिती समितीने रीतसर मागवली. माझ्या टिपणात अशी नोंद आहे: फंक म्हणजे चार वेळा तेच आणि पाचव्यांदाही तेच, पण लोक उठून उभे राहतात; सोल म्हणजे गाणाऱ्या बाईला अतोनात दुःख झालेलं असून तिची त्याला हरकत नाही. दोन्ही प्रकार धर्माविरुद्ध नसल्याने मंजूर झाले.

‘‘माका मानधन नाका,’’ तो म्हणाला. ‘‘फकत माजा नाव येक डाव मायकार घेवा. आवय फुड्यात बसतली.’’

‘‘तुजा नाव?’’ गोकुळदासबाब खरोखरच चकित झाले. ‘‘तां कशाक? तुजा वाजप आसा न्हय!’’

विषय चर्चेला घेतला. देवळाच्या मानपानात वाजंत्र्याला नारळ आहे, नाव नाही. त्याच्या आज्याने पन्नास वर्षं नारळ घेतला आणि कधी तक्रार केली नाही, ही गोष्ट त्याच्या नजरेला आणून देण्यात आली. तरी आमचं मन मोठं असल्याने ‘वेळ उरल्यास नाव घ्यावे’ असा ठराव एकमताने झाला. त्याला एवढ्यानेच आनंद झाला. आमच्यातल्या एकदोघांना थोडं वाईट वाटलं, पण तोवर चहा आला.

वेळ साडेचार ते साडेसात होती. साडेसातला आरती, तिला हलवता येत नाही. सुरुवातीला बाबाजी गावकरांनी गाऱ्हाणं घातलं. ऐंशी वर्षांचे बाबाजी देवाशी बोलतात आणि गाव त्यांना दुजोरा देतं, अशी रीत आहे.

‘‘बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी जो कार्यक्रम मांडलो हा, तो तडीक लाव रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ आठशे लोक म्हणाले. (पैकी सत्तर जण म्हापशाच्या बसची वाट पाहत होते, पण उपस्थितीत धरले.)

मग नावं. समितीची एकूण त्रेचाळीस, प्रत्येकाला उठवून हार. निवेदक होते शाळेचे रुद्रेश मास्तर. त्या काळी भाषेचा वाद ताजा होता आणि कोंकणीवाल्यांना किंवा मराठीवाल्यांना दुखवणं आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणून सगळी यादी एकदा कोंकणीत आणि एकदा मराठीत वाचली. दोन्ही भाषांत नाव तेच राहतं, असा आक्षेप एका सदस्याने घेतला होता. त्याला कोंकणीत आणि मराठीत गप्प बसवण्यात आलं. गोकुळदासबाबांचं नाव अध्यक्ष, वक्ते आणि दीपप्रज्वलक म्हणून दोन्ही भाषांत मिळून सहा वेळा आलं. माझं एकोणिसावं होतं. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

बँडला उरली बावीस मिनिटं. सत्यवती पहिल्या रांगेत नवी साडी नेसून बसली होती आणि रुद्रेश मास्तरांच्या तोंडाकडे बघत होती. मास्तर कागद चाळत म्हणाले, ‘‘आता वाजंत्री मंडळ.’’ तिची मान खाली गेली.

ढोल सुरू झाला, गिटारची जाड तार थरथरली आणि सॅक्सोफोनने एक ओळ टाकली. मग थांबला. पुन्हा तीच ओळ, पुन्हा थांबला. ही जागा ऐकणाऱ्यांनी ओरडून भरायची असते म्हणे. मुंबईत लोक भरतात. आमच्याकडे शांतता. चौथ्यांदा तो थांबला तेव्हा बाबाजी गावकरांना राहवलं नाही. साठ वर्षांची सवय. एवढ्या कळकळीने कुणी काही मागतोय आणि गाव दुजोरा देत नाही, हे त्यांना बघवेना.

‘‘व्हय म्हाराजा!’’ ते ओरडले.

पाचव्यांदा आठशे लोक ओरडले. सॅक्सोफोनवाला हसला, फुंकता फुंकता हसला, आणि मग जे काही झालं ते इतिवृत्तात मावलेलं नाही. तो मागत गेला आणि गाव देत गेलं. बस येऊन निघून गेली. सत्तरांपैकी एकही चढला नाही. पाच उपाध्यक्ष हारांसकट नाचले.

आरतीची घंटा झाली. मास्तरांनी मंडपवाल्याचे, जनरेटरवाल्याचे आणि न पडलेल्या पावसाचे आभार मानले (दोन्ही भाषांत), आणि वेळ संपली. तेवढ्यात सत्यवती उठली. पदर खोचून मंचावर चढली आणि मास्तरांच्या हातातला माइक काढून घेतला.

‘‘ह्यो माजो झील!’’ ती म्हणाली. ‘‘रेडियार वाजयता तो ह्योच!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ आठशे लोक म्हणाले. शेजारणीचा आवाज सर्वांत मोठा होता.

सत्यवती रडली, तो रडला, मलाही भरून आलं. नाव घ्यायचं राहिलं हे त्या आनंदात कुणाच्याच ध्यानात आलं नाही, खुद्द तिच्यासुद्धा. ‘विषय निकाली’ असा शेरा मी त्याच रात्री मारला.

आता तुम्ही आम्हाला हसत असाल. एवढा मोठा कलाकार आणि या लोकांनी साधं नाव घेतलं नाही! बरोबर आहे. मी मात्र ते या हकिगतीत एकदा स्वच्छ लिहिलं आहे, आडनावासकट. वर न बघता सांगा पाहू. अध्यक्षांचं आठवतंय ना? मग त्याचंही सांगा. नुसतं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून भागणार नाही.