जयदीपचा मूतखडा

आमच्या बाथरूममधल्या जंतुनाशकाची पातळी रोज बोटभर खाली जात होती. फरशी मात्र होती तशीच मळकट! मी भोसरीच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. माझ्या नजरेतून बाटली सुटणार? शक्यच नाही!

"जयदीप, हे ओततोस कुठे?"

नवरा कानापर्यंत लाल झाला. बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर कळलं, की लिंगाच्या पुढची कातडी सुजलीय, खाजते, लघवीला आग होते आणि कातडी आता मागे सरकत नाही.

"अरे, जंतुनाशकानं ती आणखी भाजेल! नुसत्या कोमट पाण्यानं धुवायचं, कोरडं ठेवायचं. जोर लावून ओढायचं नाही. मागे जाऊन अडकली, तर तडक दवाखाना! आणि हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर रक्तातली साखरही बघायला हवी. डॉक्टरांना दाखव."

"दाखव काय दाखव! पेटीतला आंबा आहे का?"

हा माणूस चाकणच्या कंपनीत गुणवत्ता तपासतो. एका नटावर ओरखडा दिसला, तर अख्खा माल परत पाठवतो! मी मनाशी ठरवलं, रविवारच्या आत याला दवाखान्यात नेणारच.

शनिवारी सकाळी मावळातून अंबूआत्या आल्या. जयदीप गुडघ्यांत नारळ धरल्यासारखा चालत होता.

"का रं, आसा का चालतूयास?"

"मूतखडा!" जयदीपनं ठोकून दिलं.

आत्यांचे डोळे चमकले. "सूनबाई, कुळीथ हाय का घरात?"

झालं! कुळथाच्या काढ्याचे तांबे सुरू झाले. जेवढं आत जाई, तेवढं बाहेर येई. आणि बाहेर येताना जयदीप टॉवेल चावत असे.

"डॉक्टर की काढा?" मी दाराबाहेरून विचारलं.

"काढा!" आतून कण्हल्यासारखं उत्तर आलं.

आत्यांनी माझी चहाची गाळणी त्याच्या हातात दिली. "हिच्यात धर. खडा घावला पायजे!"

दुपारी शेजारचे रंगराव शहाळी घेऊन हजर. "भाऊ, नुसत्या पाण्यानं भागत नाही. उड्या मारा! खडा आपोआप खाली सरकतो."

"तुम्हीच एक मारून दाखवा ना," मी म्हटलं.

"छे, माझं जरा गुडघ्याचं आहे," रंगराव घाईनं म्हणाले.

पार्किंगमध्ये सोसायटी जमली. जयदीपनं पहिली उडी मारली आणि कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढला.

"पडला का रं?" आत्या फरशीवर वाकून बघू लागल्या.

"आणखी एक, भाऊ! जोरात!"

मी बोलू शकत होते. पण प्रयोग रंगात आला, की नमुन्याला हात लावायचा नसतो. फक्त स्कूटरची किल्ली त्याला दिसेल अशी धरली.

जयदीपनं किल्लीकडे पाहिलं. रंगरावांनी सोललेल्या पुढच्या शहाळ्याकडे पाहिलं. आणि फुटला!

"मला मूतखडा नाहीये! पुढची कातडी सुजलीय माझी! मी आत्ता डॉक्टरांकडे जाणार आणि दाखवणार!"

आत्या माझी गाळणी पदरानं पुसत म्हणाल्या, "मंग जा की बाबा! काढा उगाच आटवला म्या."

मी स्कूटर सुरू केली. तेवढ्यात रंगरावांनी शहाळं हळूच खाली ठेवलं.

"वहिनी, रिक्षा करू या का? म्हणजे... मलाही यायचंय. गुडघ्याचं नाहीये ते."