पूर्व डावीकडे

ऑफिसच्या गच्चीवर करायची चाचणी आपल्या घराच्या गच्चीवर करावी, एवढंच अचूकरावांनी ठरवलं होतं. माणूस याहून साधं काय ठरवणार? पण साध्या गोष्टीचं झेंगट करायलाही अक्कल लागते, आणि ती त्यांच्याकडे भरपूर होती.

अचूकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, ते ऑफिसातल्या मंडळींनी ठेवलेलं. एका लहानशा कंपनीत ते टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांनी जीव ओतून लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. हे काम अंगात इतकं मुरलं होतं की लिफ्टमधल्या पाटीवरची वेलांटी त्यांनी स्वतःच्या पेनाने दुरुस्त केली होती. बायको 'पाच मिनिटांत येते' म्हणाली की ते घड्याळ बघायचे. (बायको मग मुद्दाम अर्धा तास लावायची. संसार असाच चालतो.)

घरात सध्या सासूबाई मुक्कामाला होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी गडद चष्मा लावायला सांगितला होता. ऑपरेशनआधी त्यांना जावई नीट दिसत नव्हता. आता दिसायला लागला, आणि अचूकरावांची अडचण वाढली. सासूबाईंचे थोरले जावई गळका नळ दुरुस्त करतात, टेबलाचे डुगडुगणारे पाय बसवतात, आणि त्यांचं कौतुक या घरात सकाळच्या चहाबरोबर व्हायचं. धाकट्या जावयाबद्दल लग्नापासून आजतागायत एक बरा शब्द निघाला नव्हता. त्या विचारायच्या, "पण तुम्ही नक्की बनवता काय?" अचूकराव सांगायचे की मी बनवत नाही, चुका काढतो. त्यावर त्या म्हणायच्या, "ते तर मीही करते, आणि फुकट करते."

तर, सॉफ्टवेअर होतं उपग्रहांचं. कुठला उपग्रह आपल्या डोक्यावरून केव्हा जाणार, आकाशात कुठून उगवणार, कुठे मावळणार, हे ते आधीच सांगायचं. सहा महिने खपून एका प्रोग्रामर मुलीने ते लिहिलं होतं. येत्या सोमवारी ते गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं होतं. साहेबांनी अचूकरावांना सांगितलं की एकदा खऱ्या आकाशाशी ताडून बघा, म्हणजे झालं.

अचूकरावांनी त्या संध्याकाळचा आकाशाचा नकाशा छापून काढला, टेबलावर पसरला आणि खुर्चीतून उठूनच उभे राहिले. नकाशावर उत्तर वर होती, दक्षिण खाली होती, आणि पूर्व होती डावीकडे! पश्चिम उजवीकडे! शाळेतलं पोरसुद्धा सांगेल की पूर्व उजवीकडे असते. अख्ख्या सॉफ्टवेअरच्या दिशा उलट्या होत्या आणि सहा महिन्यांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अचूकरावांना आनंदाने गुदमरल्यासारखं झालं. मुख्य टेस्टरची जागा रिकामी होती आणि तिच्यावर त्यांचा केव्हाचा डोळा होता. ही चूक सगळ्यांदेखत पकडली की जागा आपलीच. आणि ती घरच्या गच्चीवर पकडली, तर साहेबांच्या तोंडून आपली तारीफ सासूबाईंच्या कानांवर पडणार. नळ दुरुस्त करणारे शंभर मिळतील, पण आकाश दुरुस्त करणारा जावई कुणाला मिळतो?

त्यांनी साहेबांना आणि त्या मुलीला संध्याकाळी घरी बोलावलं. सॉफ्टवेअरमध्ये मोठी चूक आहे, ती गच्चीवर सिद्ध करतो, इतकंच सांगितलं. कात्रीने नकाशावरची 'पूर्व' आणि 'पश्चिम' कापली, गोंद लावून त्यांच्या जागा बदलल्या आणि स्वतःच्या हुशारीकडे बराच वेळ बघत बसले.

संध्याकाळी गच्चीवर जत्रा जमली. अर्धी बिल्डिंग वर आली होती, कारण फुकट बघायला मिळणार म्हटल्यावर माणसं धूमकेतू सोडा, गवंडीकामही बघतात. बायकोला वाळत घातलेल्या चादरी ओल्याच काढायला लावल्या होत्या, त्यामुळे ती तोंड फुगवून कठड्याला टेकली होती. सासूबाईंची खुर्चीही वर आली. खुर्ची अचूकरावांनी सगळ्यांसारखी पश्चिमेकडे तोंड करून मांडली होती, पण मावळतीचा उजेड ऑपरेशनच्या डोळ्याला सहन होईना. तेव्हा सासूबाईंनी कुरकुरत ती अर्धा फेरा फिरवून घेतली आणि पाण्याच्या टाकीकडे तोंड करून बसल्या. अचूकराव म्हणाले, बरंच झालं, नाहीतरी तुम्हाला काय दिसणार आहे. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. सासूबाईंनी चष्मा नाकावर घट्ट केला.

मग अचूकरावांनी भाषण ठोकलं. सॉफ्टवेअर म्हणतं की उपग्रह दक्षिणेकडून निघून पूर्वेच्या आकाशातून उत्तरेला जाईल. पण सॉफ्टवेअरच्या दिशा उलट्या आहेत, म्हणून तो खरा जाणार पश्चिमेच्या आकाशातून. सर्वांनी पश्चिमेकडे बघावं. ती मुलगी तीनदा काहीतरी सांगायला पुढे झाली आणि तिन्ही वेळा अचूकरावांनी हात वर करून 'प्रश्न शेवटी' म्हटलं. चौथ्यांदा तिने नादच सोडला आणि जाऊन सासूबाईंच्या शेजारी बसली.

"तुम्हाला बसायचंय का पुढे? इथून काही दिसायचं नाही म्हणे," सासूबाई तिला म्हणाल्या.

"इथूनच दिसेल, आजी," ती म्हणाली.

वेळ जवळ आली. अचूकरावांनी डाव्या हातात फोन धरला, उजवा हात पश्चिमेकडे रोखला आणि मोठ्याने आकडे मोजायला लागले. टेस्टरचा त्यांचा एक कडक नियम होता, आणि तो ते नव्या पोरांना दर आठवड्याला ऐकवत: नजर ठरल्या जागेवरून हलवायची नाही, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अहवालात 'पाहिलं' असं लिहायचं नाही. आकडे शून्यावर आले. पश्चिमेचं आकाश अगदी स्वच्छ, गुलाबी आणि रिकामं होतं.

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. अंधारून आल्यामुळे त्यांनी चष्मा काढला होता. "जावईबापू, इकडे एक दिवा चाललाय बघा."

"विमान असेल, आई. जरा शांत बसा."

"विमान लुकलुकतं. हा लुकलुकत नाहीये. मुकाट्याने चाललाय."

अचूकरावांनी मान हलवली नाही. नियम तो नियम. पण त्यांच्या पाठीमागे काय चाललं होतं ते त्यांना कळलं असतं तर बरं झालं असतं. आधी बायको वळली. मग साहेब वळले. मग शेजारीपाजारी, एकेक करत, सगळी गच्ची वळली. दक्षिणेकडून एक टपोरा ठिपका टाकीच्या वरून, पूर्वेच्या आकाशातून, निवांत उत्तरेकडे निघाला होता. पोरंबाळं आनंदाने ओरडली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. सासूबाई तर खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या आणि त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून, कुठे पोचला, आता कुठे पोचला, असं सगळ्यांना सांगत सुटल्या.

आणि अचूकराव एकटे पश्चिमेकडे हात रोखून उभे होते. टाळ्या आपल्यासाठीच आहेत असं त्यांना वाटलं. ते गहिवरून म्हणाले, "अहो, थांबा, अजून आला नाहीये तो."

साहेब जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अचूकराव, तो आला आणि गेलासुद्धा."

अचूकराव गर्रकन वळले, तेव्हा पूर्वेकडे पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसलेला एक कावळा एवढंच शिल्लक होतं. अख्ख्या गच्चीवर उपग्रह न दिसलेला एकच माणूस होता आणि त्यानेच सगळ्यांना बघायला बोलावलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ती मुलगी मात्र भली. ती हसली नाही. (निदान तोंडासमोर तरी.) तिने त्यांना उत्तरेकडे डोकं करून गच्चीवर उताणं झोपायला सांगितलं आणि नकाशा त्यांच्या तोंडावर धरला. चिकटवलेले शब्द नखाने काढले. जमिनीचा नकाशा आपण वरून खाली बघतो, आकाशाचा खालून वर बघायचा असतो, ती म्हणाली. अचूकरावांनी डावा हात पसरला. तो बरोबर टाकीकडे गेला. पूर्व डावीकडेच होती.

जावयाला जमिनीवर पसरलेला बघून सासूबाई लगबगीने आल्या. "चक्कर आली का हो यांना? चादर द्या कुणीतरी."

बायकोने हातातली ओली चादर थंडपणे त्यांच्या अंगावर टाकली.

सोमवारी सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे गिऱ्हाइकाकडे गेलं. अहवाल अचूकरावांनाच लिहायचा होता आणि नियमही त्यांचाच होता, त्यामुळे 'उपग्रह पाहिला' असं त्यांना लिहिता येईना. शेवटी निरीक्षक म्हणून सासूबाईंची सही घेतली. त्यांनी ती दोन डोळ्यांनी नीट बघून केली. मुख्य टेस्टरच्या जागेचं साहेबांनी काही काढलं नाही आणि अचूकरावांचीही विचारायची छाती झाली नाही.

महिन्याभराने त्या मुलीने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पाठवली. तिच्यात एक मदतीचं पान होतं: आकाशाचा नकाशा कसा धरावा. एका चित्रात एक बाई नकाशा डोक्यावर धरून वर बघत होती, तिच्यावर हिरवी खूण. दुसऱ्या चित्रात चौकड्यांचा शर्ट घातलेला, टक्कल पडलेला एक गृहस्थ नकाशा टेबलावर पसरून खाली बघत होता, त्याच्यावर लाल फुली. खाली लिहिलं होतं: असे करू नये.

बायको खांद्यावरून वाकून म्हणाली की शर्ट तर तुमचाच आहे. अचूकरावांनी लॅपटॉप मिटायला हात घातला, पण तोवर सासूबाई येऊन पोचल्या होत्या. आता तर गडद चष्माही सुटला होता. त्यांनी चित्र जवळून बघितलं, मग जावयाकडे बघितलं, मग पुन्हा चित्राकडे. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ कौतुक दिसलं.

"वा!" त्या म्हणाल्या. "टक्कल अगदी अचूक आलंय."