सासऱ्यांचा कोट

संस्कृती म्हणजे काय, हे मला विचारा! कॉलेजात सहा वर्षं मी तोच विषय शिकवतो. संस्कृती रक्तातून येत नाही, माणूस ती दुसऱ्याचं बघून उचलतो, हे वाक्य मी झोपेतही बिनचूक म्हणतो, असं बायको सांगते. त्यामुळे डोळे मिटून काहीही पाळणाऱ्यांची मला कीव येते.

नोकरी कायम व्हायच्या मुलाखतीसाठी मी सासऱ्यांचा कोट मागून आणला होता. ऐनवेळी मुलाखत पुढे गेली. स्टाफरूममधल्या एका खुर्चीचा पाय मोडका होता. कुणी बसून आपटू नये म्हणून मी कोट तिच्यावरच अडकवला. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागली आणि कोट तिथंच राहिला.

महिन्याभरानं येतो तर खुर्चीसमोर फुलदाणी! सुट्टीत प्रवेशाच्या कामाला आलेल्या नव्या मॅडमनी शिपायाला विचारलं होतं, इथं कुणी बसत का नाही? त्यानं कोटाकडे बघून हळू आवाजात 'तिथं नको' म्हटलं, एवढंच. मग मॅडमनी फुलदाणी ठेवली. फुलदाणी दिसली म्हणून गणिताचे सर मान झुकवू लागले. सर झुकतात म्हणून बाकीचे मधल्या सुट्टीत अर्धा मिनिट उभे राहू लागले. सगळे उभे दिसले म्हणून प्राचार्यांनी पाटी लावली, 'संस्थापकांचा कोट'. मी दोन दिवस बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी एकट्यानं बसणं फारच उद्धट वाटायला लागलं.

मुलाखतीच्या दिवशी कोटाला हात घातलाच. गणिताचे सर हळूच म्हणाले, "निदान तुम्ही तरी, सर. संस्कृती शिकवता ना?"

हात आपोआप मागे आला. मुलाखत नुसत्या शर्टावर दिली. प्राचार्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, आपल्या कॉलेजची कोणती परंपरा तुम्हाला भावते? नोकरीचा प्रश्न होता. मी कोटाचं नाव घेतलं. घेताना माझा आवाज कापला, आणि ते नाटक नव्हतं. डोळ्यांसमोर सासरे आले होते. नोकरी कायम झाली.

शनिवारी सासरे स्वतःच कोट न्यायला हजर! नेमकी मधली सुट्टी. अख्खी स्टाफरूम माना खाली घालून उभी. सासरेही टोपी काढून उभे राहिले. त्यांनी कोट कॉलरपासून बटणांपर्यंत निरखला.

"हुबेहूब माझ्या कोटासारखा," ते माझ्या कानाशी म्हणाले. "मोठ्या माणसांची आवड अशीच असते. बरं, माझा कुठंय?"

"ड्रायक्लीनिंगला," मी म्हणालो. मान खाली घालूनच.