दामूसरांच्या गाडीचं डावं दार

दामूसरांच्या गाडीत बसायचं असेल तर एकच नियम आहे. दार आपण लावायचं नाही. आत बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि गप्प राहायचं. मग सर बाहेरून येतात, दाराला तळहात टेकवतात, कमरेचा हलका धक्का देतात, काचेशी कान नेऊन काहीतरी ऐकतात आणि म्हणतात, "बसलं." बाकी तिन्ही दारांचं असं झालं की मगच स्वतः स्टिअरिंगमागे बसतात. एकदा आमच्या सोसायटीच्या चेअरमननी सवयीनं दार धाडकन ओढलं. सरांनी त्यांना खाली उतरवलं आणि पुन्हा बसवलं. चेअरमन मुकाट्यानं बसले. शाळेत त्यांनी सरांच्या छड्या खाल्लेल्या आहेत, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नसावं.

सर म्हणजे आमच्या ओतूरच्या हायस्कुलातले निवृत्त पी.टी. शिक्षक. वय सत्तर, पाठ अजून सावधानमध्ये. त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लावून आहे. माझं पेठेत खतांचं आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे पुढे जे घडलं त्यात मीही थोडा गुन्हेगार आहे. सरांची गाडी पांढरी आणि इतकी जुनी, की ती बनवणाऱ्यांनीसुद्धा तिचं नाव टाकलं आहे. इंजिन ठणठणीत. पण दारांच्या कडेनं जे काळं रबर असतं ना, ज्याला गॅरेजवाले बीडिंग म्हणतात, ते वाळून, तडकून जागोजागी गळालं होतं. आपण त्या रबराकडे कधी बघत नाही. धूळ, पाणी आणि वारा बाहेर अडवायचा, एवढंच त्याचं काम असतं.

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला त्यानं ते काम केलं नाही. सरांच्या बायकोला सगळे माई म्हणतात. माईंचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढे डोंगरात, भाताच्या मुलखात. माईंना दमा आहे. त्या दिवशी घोडेगाव सोडलं आणि पुढे रस्ता रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेला. पुढे ट्रक, मागे ट्रक. डाव्या दाराच्या फटीतून धूळ थेट माईंच्या अंगावर यायला लागली आणि त्यांना असा दम लागला की सरांनी गाडी तिथूनच मागे फिरवली. घोडेगावच्या डॉक्टरनी वाफ दिली, माई सावरल्या. पण घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता मी ह्या गाडीत बसनार न्हाई." आणि खरंच बसल्या नाहीत. गेल्या वर्षी भाऊच एस.टी.नं ओतूरला आला आणि ओवाळून घेऊन गेला.

यंदा भावाचे गुडघे गेले. तो येणार नाही हे गणपतीतच कळलं. म्हणजे माई गेल्या तर भाऊबीज, नाहीतर नाही. पुण्यातल्या मुलानं फोन करून सुचवलं की ती जुनी गाडी आता काढून टाका, मी माझी एसी गाडी ड्रायव्हरसकट पाठवतो. सरांनी फोन स्पीकरवर ठेवून सगळी गल्ली ऐकेल असं उत्तर दिलं, "गाडी म्हातारी न्हाई झाली. फकस्त दारं म्हातारी झाल्यात." हे वाक्य त्या दिवसापासून दोन महिने मी दिवसातून चार वेळा ऐकलं.

मी त्यांना समजवायला गेलो. मला समजवायची हौस आहे, आणि ती सरांच्या बाबतीत कधीही फळाला आलेली नाही. मी म्हटलं, सर, माई मुलाच्या गाडीतून गेल्या तर काय बिघडलं? भावाकडे पोचल्याशी मतलब. सर ओट्यावर बसून जुनं रबर खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "सुनील, धूळ माझ्या दारातनं आत गेली. आता माई दुसऱ्याच्या गाडीतनं गेली, म्हंजे ती धूळ कायमची माझ्या नावावर ऱ्हाती." मग मीही रबर खरवडायला बसलो. खरवडायला माईंचं उलथणं होतं, जुना चिकटा सुटावा म्हणून पेट्रोलमध्ये बुडवलेलं. त्या दिवसापासून त्यांच्याकडे धिरड्याला पेट्रोलचा वास यायचा असं माझी बायको सांगते, पण ती जरा वाढवून सांगते.

गॅरेजवाला सरांचाच विद्यार्थी. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सांगितलं की ह्या गाडीचं रबर आता येत नाही, तुम्ही गाडीच बदला. सरांनी त्याला फक्त विचारलं, "तुला दोरीवर चढायला किती दिवस लागले व्हते?" एक वर्ष लागलं होतं. सर घरी आले आणि आपलं आपण करायचं ठरलं.

इथे माझा गुन्हा येतो. माझ्या दुकानाबाहेर ठिबकच्या काळ्या नळीची वेटोळी पडलेली असतात. सर त्याकडे बघत उभे राहिले आणि मला त्यांच्या मनातलं कळलं. काळी, लवचीक, गोल. दोघांनाही एकाच वेळी शहाणपण सुचलं. आम्ही नळी उभी चिरली आणि चारही दारांच्या कडेला दाबून बसवली. दिसायला झकास. गाडी पेठेतून निघाली, हायवेला लागली, वेग चाळीसच्या वर गेला आणि गाडी वाजायला लागली. ठिबकच्या नळीला ठराविक अंतरावर भोकं असतात, हे ती नळी जन्मभर विकणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. प्रत्येक भोकातून वारा शिट्टी मारत होता. सरांची हयात शिट्टी वाजवण्यात गेली, पण ती शिट्टी ते वाजवायचे. ओतूरपासून आळेफाट्यापर्यंत लोक रस्त्यातून आपोआप बाजूला होत होते. सर एकदाही हसले नाहीत. मी हसलो आणि मला परत एस.टी.नं यावं लागलं.

मग सर पुण्याला गेले. मुलाकडे नाही, जुन्या रबराचा वीतभर तुकडा पिशवीत घालून थेट सुट्या भागांच्या बाजारात. दिवसभर दुकानं पालथी घातली आणि संध्याकाळच्या एस.टी.तून उतरले ते खांद्यावरून काळ्या रबराचं भेंडोळं घेऊन, हार घातलेल्या पाहुण्यासारखे. जुन्याशी जाडी तंतोतंत जुळत होती. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं तेव्हा त्यांनी सांगितलं की हे सामान नाही, हे दार आहे.

बसवताना पुन्हा घोळ झाला, आणि तो मात्र शंभर टक्के सरांचा. कडा स्वच्छ पुसल्या, रबर चिकटवायचं सोल्युशन लावलं, आणि सर रबर ताणत ताणत बसवत गेले. अर्धं आयुष्य पोरांना ताठ उभं करण्यात गेलेलं, त्यांना रबरही ताठच हवं होतं. मधून मधून कवायतीच्या लाकडी डंबेलनं ठोकत होते. संध्याकाळी काम चकाचक दिसत होतं. सकाळी बघतो तर रबर आखडून आपल्या मापावर आलेलं आणि चारही दारांच्या कोपऱ्यात दोन-दोन बोटांची फट. धूळ यायची ती तिथूनच येणार. सर त्या फटीत बोट घालून बराच वेळ उभे होते. मला पहिल्यांदाच त्यांची पाठ थोडी वाकलेली दिसली आणि वाईट वाटलं.

तेव्हा माई पायरीवर आल्या. त्या गाडीजवळ येत नसत, पायरीपर्यंतच येत. म्हणाल्या, "अवो, त्याला विश्राममधी बसवा की." आणि आत गेल्या.

सरांनी सगळं रबर पुन्हा उपटलं. या वेळी न ताणता, उलट कोपऱ्याला थोडं सैल सोडून, जोड खालच्या बाजूला घेऊन, अंगठ्यानं इंच इंच दाबत बसवलं. पूर्ण दोन दिवस लागले. नवं रबर अजून दबलेलं नाही, दार लागेना. ते लावायची खास रीत सरांनीच शोधली, आणि ती सगळ्या गावाला सक्तीची झाली.

एवढ्यावर कोणीही थांबलं असतं. सर थांबले नाहीत. रोज सकाळी ते शेजारच्या डाव्या सीटवर एक पांढरा शुभ्र रुमाल पसरायचे, त्यावर पट्टा लावायचे आणि वीटभट्टीकडच्या मातीच्या रस्त्यावर एकटेच फेऱ्या मारायचे. मुद्दाम ट्रॅक्टरच्या मागे जायचे. लोक म्हणाले की सरांना लागलंय काहीतरी, रुमालाला पट्टा लावून फिरवतात. मीही दोन-तीन ठिकाणी हे मीठमसाला लावून सांगितलं. परत आले की सर रुमाल उन्हात धरून बघायचे. पहिल्या दिवशी तो तपकिरी होता. मागच्या दाराच्या रबरात एक चीर राहिली होती, ती सोल्युशननं भरली. मग पिवळसर. मग पांढरा. पांढरा आल्यावरही आठ दिवस सरांनी फेऱ्या बंद केल्या नाहीत.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ते रुमाल घेऊन आत गेले आणि माईंसमोर ठेवला. मी दाराशी होतो. माईंनी तो उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, "मऊ भात करू का सकाळी, का तिकडंच जेवायचं?" सरांना काही कळलं नाही. मग कळलं, आणि ते गाडी धुवायला निघून गेले.

सर बाहेर गेल्यावर माई माझ्याशी बोलल्या. सुनील, म्हणाल्या, मला दम्याची भीती कधीच नव्हती, दमा मला लहानपणापासून आहे. "त्या दिशी ह्यांचे हात बघितले मी. स्टेरिंगवर असे थरथरत व्हते, किल्ली फिरंना. घोडेगावच्या डॉक्टरपर्यंत कसं आनलं, त्यांचं त्यांना ठाऊक. पुन्यांदा ह्या मानसाला तसं बघायचं न्हाई, म्हनून मी बसनार न्हाई म्हनले." मी विचारलं, सरांना हे सांगितलं का नाही? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी विषय सोडून दिला. दोन वर्षं सर ही गाडीला झालेली शिक्षा समजत होते, आणि माई सरांना वाचवत होत्या.

सकाळी मला मागच्या सीटवर बसवण्यात आलं, मांडीवर माईंचा दम्याचा पंप घेऊन. साक्षीदार म्हणून, असं सर म्हणाले. माझी बहीण संध्याकाळी यायची होती, त्यामुळे बायकोची हरकत नव्हती. सरांनी माझं दार लावलं, ऐकलं. "बसलं." मग पुढे जाऊन डाव्या दाराला तळहात टेकवला आणि आतल्या माईंकडे बघत इतक्या हळू दाबलं की ते तीनदा परत उघडलं.

घोडेगाव मागे पडलं. रस्ता अजून उकरलेलाच होता, दोन वर्षांत तेवढं एक बदललं नव्हतं. समोरून खडीचा ट्रक आला आणि बाहेर सगळं लाल झालं. मी पंप घट्ट धरला होता. ट्रक गेला, धूळ बसली, माईंनी मांडीवरचा रुमाल उचलून दाराच्या कडेवरून आतून फिरवला आणि सरांपुढे धरला. पांढरा होता.

चढ संपून वळण घेतल्यावर भाताची खाचरं लागली, कुठं उभी, कुठं कापून पसरलेली. माईंनी काचेच्या हँडलला हात घातला.

"जरा खाली घेते. भाताचा वास येऊ द्या."

दोन महिने एक फट बुजवायला रक्त आटवलेला माणूस. मला वाटलं आता काही खरं नाही. सरांनी गाडी बाजूला घेतली, आरशात मागे बघितलं, पुढे बघितलं, ट्रक दिसत नव्हता.

"घे. पन निम्मीच."

माईंनी पूर्ण घेतली. इंद्रायणी भाताचा ओला, गोड वास गाडीभर पसरला. मी खाचरांकडे बघत होतो. मग लक्षात आलं, माई खाचरांकडे बघतच नव्हत्या. त्या सरांच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघत होत्या. हात स्थिर होते.

"चला," माई म्हणाल्या, "भाऊ वाट बघत आसंल."