शेवंताबाईंची कॅसेट

गोड आवाजाची शेवंताबाईंना चीड होती. रिठदला एखादी पोरगी ओट्यावर गळा लाडिक करून गाऊ लागली, की बाई जाता जाता थांबायच्या. "गाणं हाये का चहा? साखर कायले टाकून राह्यली?"

मी तिथं शाळेत मास्तर होतो आणि बाईंच्या शेजारी खोली घेऊन राहायचो, त्यामुळे माझे कान त्यांच्याच मालकीचे होते. कापूस वेचून आल्या की त्या, त्यांची लेक सुमी, सासू आणि दोन मैत्रिणी अंगणात जमायच्या. वाद्यं म्हणजे तेलाचा रिकामा डबा, थाळी, झांज आणि सुमीची ढोलकी. गाणी बाईंनीच रचलेली, दारुड्या नवऱ्यावर, खेकसणाऱ्या मुकादमावर. सासूवरचं गाणं तर त्यांची सासूच झांज बडवत म्हणायची. त्यांची चाल धरणं म्हणजे सुटलेल्या एसटीचा दांडा धरण्यासारखं होतं. तेव्हा मी कपाळाला हात लावायचो. आज ते दिवस आठवले की जीव हळहळतो.

शहात्तर-सत्त्याहत्तरची गोष्ट. सुमी लग्न होऊन अकोल्याला गेली. जावई नोकरदार, घरात टेपरेकॉर्डर. पण सुनेनं ढोलकी वाजवलेली सासूला खपत नव्हती. सुमीचं पत्र मीच वाचून दाखवलं. 'आई, माझे हात वाजवणं विसरून राह्यले.'

बाईंनी पत्र घडी करून कमरेला खोचलं आणि म्हणाल्या, "मास्तर, आमाले त्या डब्बीत भरा."

कारंज्याच्या मित्राकडून मी टेपरेकॉर्डर मागून आणला. रविवारी शाळेत चौघी बसल्या. बाईंनी आधी यंत्राला जयभीम घातला. पाच गाणी दणक्यात झाली. सहाव्यात मात्र सगळ्या मधेच थांबल्या. नुसत्या टाळ्या, त्याही हळू. मी बटण दाबलं.

"चुकलं. पुन्हा घेऊ."

"चुकलं नाई, मास्तर. तेवढी जागा सुमीची हाये. तिथं ती वाजवन."

पुन्हा घेतलं तेव्हाही त्यांनी ती जागा मोकळीच ठेवली.

कॅसेट घेऊन अकोल्याला मीच गेलो. परतलो तेव्हा बाई एसटीच्या थांब्यावर उभ्या होत्या. लेक वाळली का, सुखात आहे का, काही विचारलं नाही.

"वाजवलं तिनं?"

"वाजवलं. कणीक मळत होती, तशीच उठून परात पालथी घातली. सासूसमोर."

"जोरात?"

"जोरात."

बाई तिथंच दगडावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मलाही आवरेना. थोड्या वेळानं डोळे पुसत म्हणाल्या, "मंग परातीले पोचा आला असन."